पान लागलं

कार्तिक सरत आला आणि सकाळी कोंबड्यांचे तुरे टोकाला निळसर दिसायला लागले, की आई म्हणायची, हीव आलं. त्याआधी कोणी कितीही कुडकुडलं तरी तिच्या लेखी थंडी सुरू झालेली नसायची. भाऊ पहाटे गव्हाला पाणी द्यायला निघताना दोन घोंगड्या पांघरायचा, तर ती त्याला हसायची. माणसाला हात आहेत, ते शेकोटी पेटवतं. कोंबडीनं काय करावं, असा तिचा सवाल असायचा.

आमचं गाव सेनगाव तालुक्यात, साखऱ्याच्या अलीकडं. हलकी जमीन, उघडा माळ, उत्तरेकडून येणारं वारं अडवायला मधे काही नाही. घरामागं गोठा आणि गोठ्याच्या भिंतीला टेकून आईचं खुराडं. दगडमातीचं, कमरेइतकं उंच, वर जुने पत्रे, पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर धोंडे. पुढं फळीचं दार. आत माणूस शिरत नसे, दारातून वाकून हात घालायचा आणि अंदाजानं काम करायचं.

हिवाळ्यासाठी हे खुराडं तयार करणं हा आईचा सणच होता. दिवाळीला घर सारवायला तिला एक दिवस पुरायचा, खुराड्याला दोन लागायचे. मी एकदा म्हटलं, माझ्या लग्नात एवढी तयारी केलीस तरी पुष्कळ झालं. ती मान वर न करता म्हणाली, "तू काय अंडी देतीस व्हय?"

आधी पावसाळ्यातली सगळी घाण काढायची. दबलेला भुसा, वाळलेली शिट, पिसं, सगळं खुरप्यानं खरवडून उकिरड्यावर. मग दिवसभर दार उघडं ठेवून आत ऊन खेळवायचं. उवा मराव्यात म्हणून चुलीतली राख कोपऱ्याकोपऱ्यात भुरभुरायची. मग तळाला तुरीचं भुसकट, त्यावर गव्हाचा कोरडा भुसा, चांगला हातभर. भिंतीच्या फटी शेणमातीनं लिंपायच्या. उत्तरेच्या अंगाला तुराट्यांचा कूड बांधायचा आणि दारावर बारदानाचा दुहेरी पडदा सोडायचा. पण वर पत्र्याखाली वीतभर भोक होतं, ते मात्र ती कधी बुजू द्यायची नाही. मला वाटायचं, एवढं सगळं बंद करून वर वाऱ्याला वाट ठेवायची म्हणजे मुसळ केरात. ती सांगायची, कोंबड्या रात्रभर श्वास टाकतात, त्याची वाफ धरते, भिंती पाझरतात. कोरड्या थंडीनं कोंबडी मरत नाही, ओल्या थंडीनं मरते.

ज्या वर्षाची गोष्ट सांगते आहे, त्या वर्षी हिंगोली नुकतीच जिल्हा झाली होती आणि आमच्या घरात नुकतीच वहिनी आली होती. गावाला दोन्हीचं कौतुक सारखंच होतं, आणि दोन्हीचा उपयोग काय ते अजून कळायचं होतं.

वहिनी हैदराबादची. तिचे वडील मूळचे आमच्याच भागातले, पण पोटामागं तिकडं गेले आणि तिकडचेच झाले. घरात मराठी, गल्लीत दखनी, शाळेत आणखी तिसरंच. त्यामुळं तिची मराठी म्हणजे बिर्याणीत ठेचा. आमच्याकडं आल्यावर तिला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल, तर आईची चंची. आई पान खायची, चांगलं कडक, काळ्या तंबाखूचं. वहिनीला गोड पानाची सवय. पहिल्याच महिन्यात तिनं हट्टानं आईचं पान खाल्लं आणि थोड्या वेळात घामाघूम होऊन खांबाला टेकली. आईनं तिला लिंबूपाणी दिलं, आडवं केलं, पदरानं वारा घातला. वहिनी डोळे मिटून हसत म्हणाली, "आत्याबाई, मला पान लागलं."

आईचा पदर थांबला. तिचा चेहरा असा काही झाला की मीही हसायची थांबले. असं कधी बोलू नये, आई म्हणाली. वहिनीनं का म्हणून विचारलं. बाबा उठून बाहेर गेले, भाऊ पाणी प्यायला लागला, आणि मीही विषय बदलला. का बोलू नये हे सांगायचं तर ते नाव घ्यावं लागलं असतं, आणि ते आमच्या घरात कोणीच घेत नसे.

नोव्हेंबर संपता संपता तुरे निळे पडले. बाबा आणि भाऊ कापसाच्या गाड्या घेऊन हिंगोलीला खरेदी केंद्रावर गेले होते. तिथं नंबर लागायचा म्हणजे गाडीखालीच मुक्काम, घरी कधी येतील याचा नेम नसायचा. मी हिंगोलीलाच कॉलेजला होते, सकाळच्या एसटीनं जायचे आणि उन्हं कलता कलता परत यायचे. त्या दिवशी सकाळी निघताना आई शेणमाती कालवत होती. आदल्या दिवशी घाण काढून झाली होती, आज भुसा आणि लिंपण.

संध्याकाळी मी आले ते मागच्या वाटेनं. पहिल्यांदा दिसल्या त्या कोंबड्या. थंडीच्या दिवसांत आई दिवस बुडायच्या आत कोंबड्या कोंडायची, त्यात कधी खाडा नाही. आज एक उकिरड्यावर, दोन धुण्याच्या दगडावर, कोंबडा भिंतीवर, सगळा कारभार निवांत. खुराड्याचं दार सताड उघडं. भुशाचं पोतं अर्धं ओतलेलं. घमेल्यातली शेणमाती वरून सुकून तडकली होती आणि तिच्यात आईच्या बोटांचे वळ तसेच होते. आईनं काम अर्धवट टाकलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

वहिनी चुलीपाशी भाकरी थापत होती. मी विचारलं, माय कुठं आहे?

"आत्याबाईंना पान लागलंय," ती म्हणाली. "ओसरीवर झोपवलंय. आता बरं वाटेल."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं, तव्यावरची भाकरी उलटत, अगदी शांतपणे. दुपारी चहाच्या आधी लागलं, आत्याबाई स्वतःच म्हणाल्या, दोनदा लिंबूपाणी दिलं, थोडी लाळ येते आहे, पण तंबाखूनं येतेच. एवढं कडक खाऊ नका म्हणून मी किती वेळा सांगितलं, असंही ती म्हणाली.

आमच्याकडं कोणाला साप चावला तर साप चावला असं म्हणत नाहीत. पान लागलं म्हणतात. सापाला लांबडं म्हणतात, जनावर म्हणतात, किडूक म्हणतात, काहीही म्हणतात, पण ते नाव घेत नाहीत. नाव घेतलं की ते येतं, आणि चावलेल्या माणसासमोर घेतलं की विष चढतं. हे आम्हाला कोणी शिकवलं नाही. पाळण्यातच कानात पडतं. आणि माझी वहिनी, शिकलीसवरलेली, घरात सहा महिने झालेली पोरगी, दुपारपासून सापाच्या विषाला लिंबूपाणी पाजत बसली होती.

ओसरीवर आई उताणी पडली होती. मी माय म्हणून हाक मारली. तिनं भुवया उचलल्या, कपाळाला आठ्या पडल्या, पण पापण्या वर येईनात. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. पदराखाली उजवा हात होता. मी तो बाहेर काढला. मधलं बोट सुजून वांग्यासारखं झालं होतं आणि बोटाच्या मुळाशी चिंधी गच्च बांधलेली होती. ती तिनंच बांधली होती, दातानं गाठ मारून. वहिनी मागून म्हणाली, खुरपं लागलं असेल.

मी वहिनीकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काळजी होती, थोडं कौतुकही होतं, की नणंद किती घाबरट आहे. तिला एक कानफटात ठेवून द्यावी असं मला वाटलं, पण तेवढाही वेळ नव्हता.

गल्लीच्या टोकाला चाचांचं घर. ते काळीपिवळी जीप चालवायचे, सेनगाव-हिंगोली. नुकतेच फेरी संपवून आले होते आणि टायरवर पाणी मारत होते. मी धापा टाकत एवढंच म्हटलं, "चाचा, मायला पान." पुढचा शब्द त्यांनी ऐकला की नाही कोण जाणे. बादली तिथंच पडली आणि जीप माझ्याआधी आमच्या दाराशी पोचली.

तोवर माणसं जमली होती. एका म्हाताऱ्यानं सांगितलं, आधी माळावरच्या देवळात न्या, तिथं निजवलं की उतरतं. चाचांनी आईला उचलून मागच्या बाकावर ठेवलं आणि गाडी सुरू करता करता म्हणाले, "देव आज हिंगोलीच्या दवाखान्यात बसून राहिलाय, बाबा. आमी तिकडंच चाललो."

वहिनी पीठ लागलेल्या हातांनीच गाडीत चढली होती. आईचं डोकं तिनं मांडीवर घेतलं. रस्ता असा, की धड माणूसही आजारी पडावा. सेनगाव मागं पडेपर्यंत मी स्वतःला आवरलं आणि मग माझा तोल सुटला. तोंडाला येईल ते मी तिला बोलले. ती गोंधळून ऐकत होती. मग हळूच म्हणाली, पानच लागलंय ना, त्यासाठी एवढं काय?

"अगं पान म्हणजे लांबडं," मी म्हटलं.

लांबडं म्हणजे काय, तिनं विचारलं. मी म्हटलं, जनावर. कोणतं जनावर, ती म्हणाली. मी म्हटलं, किडूक. ती माझ्याकडं बघत राहिली. तिला खरंच काही कळत नव्हतं आणि माझी जीभ पुढं सरकत नव्हती. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होते. बरणीतल्या नागाची आकृती काढून मी मार्क मिळवले होते, त्याचं लॅटिन नाव मला पाठ होतं. आणि आई समोर मरत असताना मला तो दोन अक्षरी शब्द उच्चारता येईना. मला वहिनीपेक्षा स्वतःचाच धक्का बसला. मी तोंड उघडत होते आणि नुसती हवा बाहेर पडत होती.

चाचांनी आरशातून एकदा मागं बघितलं. "साँप, बेटी," ते म्हणाले. "साँप डसा है माँ को."

वहिनीच्या तोंडाचा रंग गेला. तिनं आईच्या डोक्यावरचा हात असा उचलला जणू तिनंच तो दंश केला होता. स्वतःच्या तळव्यांकडं बघितलं, पिठाकडं बघितलं. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. तिनं आईच्या गालावर चापट्या मारायला सुरुवात केली, आत्याबाई झोपू नका, आत्याबाई इकडं बघा, आणि हिंगोलीच्या पहिल्या दिव्यांपर्यंत ती थांबली नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, काय झालं? मी म्हटलं, पान. डॉक्टर बाहेरचे असावेत, त्यांनी भुवई उचलली. मला बाजूला सारून वहिनी पुढं आली.

"साप," ती मोठ्यानं म्हणाली. "उजव्या हाताला. दुपारी. कोंबड्यांच्या खुराड्यात हात घातला होता."

सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. एका बाईनं कानांवर हात ठेवले. पण डॉक्टरांना जे हवं होतं ते मिळालं होतं. पुढचं सगळं भराभर झालं. इंजेक्शनं, सलाइन, आणि आईचा श्वास अडकायला लागला तेव्हा नळी घालून रबरी फुगा. नर्सबाईंनी दाखवलं तसा तो फुगा आम्ही आळीपाळीनं दाबत राहिलो, मी, वहिनी आणि चाचा. दाबला की आईची छाती वर येई, सोडला की खाली जाई. आईचं जगणं असं आमच्या मुठीत आलं आहे यावर माझा विश्वासच बसत नव्हता.

चाचा मधे जाऊन खरेदी केंद्रावरून बाबांना आणि भावाला घेऊन आले. ते दिवसभर हिंगोलीतच, दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर गाडीखाली बसून होते, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. बाबा कॉटच्या पायथ्याशी उभे राहिले.

सकाळी आईचे डोळे किलकिले झाले. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, बोट मात्र जाईल. मला वाटलं, संपलं एकदाचं. पण तिथूनच दुसरं सुरू झालं.

नातेवाईक भेटायला येऊ लागले आणि येणारा प्रत्येक जण आईआधी वहिनीकडं बघायचा. शहरातली आणली की असंच. सासूला पान लागलं आणि सून शरबत करून राहिली. एक मावशी तर वहिनीसमोरच म्हणाली, एवढं न कळायला ती काय दूधखुळी आहे? कळूनच गप्प बसली असेल. जीपमध्ये मी तिला काय काय बोलले होते, पण हे माझ्याही मनात आलं नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे भावानं मावशीला गप्प केलं नाही. तो खाली बघत राहिला. दुसऱ्या दिवशी तो बाबांना म्हणाला, तिला थोडे दिवस हैदराबादला पाठवू. आमच्याकडं थोडे दिवस माहेरी पाठवलेल्या बायका मी बघितल्या होत्या. त्या थोड्या दिवसांना शेवट नसतो.

आईचे कपडे आणायला वहिनी आणि मी चाचांच्या जीपनं गावी आलो. थंडी कडाक्याची पडली होती. खुराड्यातलं जनावर गावातल्या माणसांनी त्याच संध्याकाळी काढून मारलं होतं. नाग होता. मागच्या कोपऱ्यात, अंड्यांवर बसलेल्या खुडूक कोंबडीच्या शेजारी, तिच्यासाठी न उपसता ठेवलेल्या जुन्या भुशात ऊब धरून बसला होता. खुडूक कोंबडी हात घातला की फुसकारतेच. आईला वाटलं असणार, तीच फुसकारते आहे.

खुराडं तसंच उघडं होतं. कोंबड्या दोन रात्री गोठ्याच्या भिंतीवर आणि झाडावर बसून होत्या. एक कोवळी तलंग कोंबडी झाडाखाली मरून पडली होती, लाकडासारखी ताठ. तुरा काळाठिक्कर. मी कपडे गोळा करून बाहेर आले, तर वहिनीनं साडी खोचली होती.

तिनं आधी पत्रे काढले. सगळे धोंडे खाली उतरवले, पत्रे भिंतीला लावले, आणि खुराड्यात वरून लख्ख ऊन सोडलं. इतक्या वर्षांत आम्हाला कोणाला हे सुचलं नव्हतं. मग काठीनं भुसा उपसला, कोपरे ठोकले. शेणाला हात लावायला ती नाक मुरडायची, सहा महिने आम्ही तिची त्यावरून थट्टा करत होतो. आता तिनं घमेल्यातलं सुकलेलं शेण फोडलं, पाणी घालून कालवलं आणि फटी लिंपायला लागली. राख किती, भुसा किती, विचारत गेली, मी सांगत गेले. कूड बांधताना तुराटीनं तिचा तळवा फाटला. मी तिला म्हटलं, राहू दे, चाचा खोळंबलेत. ती म्हणाली, मला हैदराबादला पाठवणार आहेत ते मला माहीत आहे, पण आत्याबाई घरी येतील तेव्हा त्यांना हे अर्धं दिसायला नको. वरचं भोक तिनं न सांगता मोकळं ठेवलं. मी नुसती उभी होते. जिला आपण दोन दिवस नासमज म्हणत आलो, तिच्याकडं बघायची माझी हिंमत होईना.

आम्ही दवाखान्यात परत आलो तेव्हा आईची नळी निघाली होती. बोट कापलं होतं, हाताला हे एवढं पांढरं बोचकं. आवाज खरखरीत, पण बोलणं नीट. बाबा आणि भाऊ बाहेर चहाला गेले होते. वहिनी कॉटच्या कडेला उभी राहिली, बसली नाही. खुराडं करून आलो हे मी आईला सांगितलं. तिनं वहिनीच्या फाटलेल्या तळव्याकडं बघितलं.

माझ्या मनात एकच गोष्ट अडकली होती. मी म्हटलं, माय, हिला कळलं नाही हे तुला तेव्हा समजलं नाही का?

"समजलं की," आई म्हणाली. "तिनं लिंबू कापायला घेतलं तवाच समजलं."

म्हणजे ती शुद्धीवर होती. समोर सून लिंबू पिळते आहे, पान कमी खा म्हणून रागावते आहे, आणि ही ते पाणी घोटघोट पिते आहे, आपल्याला काय झालंय ते पक्कं ठाऊक असून. एक शब्द बोलली असती तर दुपारीच गाडी निघाली असती. बोट तरी राहिलं असतं. मी विचारलं, मग सांगितलं काहून न्हाई?

मग आईनं जे सांगितलं ते तिनं बाबांनाही कधी सांगितलं नव्हतं. डोंगरकड्याकडचं तिचं माहेर. तिला एक धाकटा भाऊ होता हे आम्हाला माहीत होतं, लहानपणी गेला एवढंच. तो कशानं गेला हे कोणी विचारलं नव्हतं. दोघं कडब्याच्या गंजीपाशी खेळत होती. तो ओरडला, आणि तिला गवतात जाताना ते दिसलं. ती सहा-सात वर्षांची पोर, साप साप म्हणून किंचाळत सगळ्या गल्लीतून घरापर्यंत पळत गेली. माणसं आली तोवर तो निपचित पडला होता. रात्रीच गेला. दहाव्याच्या दिवशी घरातल्या मोठ्या बायकांनी निवाडा केला. पोराला लांबड्यानं नेलं नाही, हिच्या तोंडानं नेलं. गल्लीभर नाव घेत आली, विष चढणारच. तिच्या आईनं त्यानंतर तिच्याशी कधी समोरून बोलणं केलं नाही. काम असलं तर बोट दाखवायची. लग्न होऊन सासरी निघाली त्या दिवशीसुद्धा.

हे सगळं आई सपाट आवाजात सांगत होती. सहा वर्षांच्या लेकराला असं सांगतं कोणी? आणि ते लेकरू हे घेऊन आमच्या घरात इतकी वर्षं भाकरी करत होतं, कोंबड्या राखत होतं, आम्हाला हसत होतं.

"हिला सांगितलं असतं तर हिनं बोंब मारली असती," आई म्हणाली. तिचं बोलणं आता वहिनीकडं बघून होतं. "मारणारच. नवी पोर हाय. अन् मी मेले असते तर लोकं काय म्हनली असती? सुनेच्या तोंडानं गेली. मंग जन्मभर हिच्याकडं कोणी बघितलं नसतं. मी म्हनलं, वाचले तर वाचले. मेले तर गप्प मरू. पोरीच्या अंगावर कशाला?"

वहिनी तशीच उभी होती. बाहेर व्हरांड्यात भावाचा आवाज येत होता, तो कोणाला तरी हैदराबादच्या रेल्वेची वेळ विचारत होता. मी उठले आणि दार लावून घेतलं.

मग वहिनी खाली वाकली. आईच्या कानाजवळ तोंड नेलं आणि अगदी हळू, पण स्पष्ट म्हणाली, "साप."

आई दचकली.

"साप," वहिनी म्हणाली. "साप चावला होता त्याला, आत्याबाई. साप चावला म्हणून गेला तो. तुमच्या तोंडानं नाही. साप."

आईनं पट्टी बांधलेला हात उचलला. वेदनेनं तिचा चेहरा पिळवटला, पण हात थांबला नाही. तो वहिनीच्या तोंडापर्यंत गेला आणि तिनं तिचं तोंड दाबून धरलं. आईच्या डोळ्यांत राग नव्हता. भीती होती, आणि ती वहिनीसाठी होती. "नको गं माय," ती म्हणत होती, "नको गं." वहिनीनं तो हात बाजूला केला नाही. दोन्ही हातांनी सांभाळून धरला, आणि पट्टीच्या आडून ती तेच बोलत राहिली.